नायट्रोत बसायचं तर जूनपासून: बेळगाव-खानापूरच्या शाळांसाठी पहिल्या सहलीची वाट

सातवीतली मुलगी होती, खानापूर तालुक्यातली. इमॅजिका पार्कातल्या नायट्रो रोलर कोस्टरच्या दारात, उंची मोजायच्या खांबापाशी ती ताठ उभी राहिली आणि दोन बोटं कमी पडली. 136 सेंटिमीटर. हवी होती 140. तिथल्या कर्मचारी मुलाने नियमाप्रमाणे तिला हळूच बाजूला घेतलं, मैत्रिणी आत गेल्या आणि ती कठडा धरून माझ्या शेजारी उभी राहिली. रडली नाही. परतीच्या वाटेवर निपाणी मागे पडल्यावर मात्र माझ्या सीटपाशी येऊन तिने विचारलं, "सर, 140 व्हायला किती दिस लागतील?"

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. नियम बरोबर होता, पार्कची काहीच चूक नव्हती. पण तिची उंची आम्ही शाळेतून निघण्याआधीच मोजायला हवी होती. ती नववीत गेल्यावर, दोन वर्षांनी, आम्ही पुन्हा सहल काढली आणि ती बसली. त्या दोन सहलींच्या मध्ये जे शिकलो ते इथे सांगतो. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांतून पहिल्यांदाच अशी सहल नेणारे गुरुजी, बाई आणि पालक यांच्यासाठी हे आहे.

कुठे जायचं, ते आधी. आपल्याला दोन मोठी पार्क जवळ म्हणता येतील अशी आहेत. एक, बेंगळूरच्या पुढे म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळचं वंडरला, 2005 पासून सुरू असलेलं. दुसरं खोपोलीजवळचं इमॅजिका, 2013 साली उघडलेलं. बेळगावहून बेंगळूरच पाचशे किलोमीटर, इमॅजिका सव्वाचारशेच्या आसपास. निपाणी-चिकोडीकडच्या शाळांना तर खोपोली आणखी जवळ. आमच्या मुलांच्या तोंडी वर्षभर एकच नाव होतं, इमॅजिकातला नायट्रो. पाय अधांतरी लोंबकळत ठेवणारा, पाच वेळा उलटं करणारा रोलर कोस्टर. म्हणून दुसऱ्या वेळीही आम्ही खोपोलीच धरलं, आणि पुढचं सगळं त्याच हिशेबाने आहे. दुसरीकडे जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं कामी येईल.

जूनमध्ये भिंतीवर रेघ

सहलीची तयारी पैशांपासून सुरू करू नका. उंचीपासून करा.

मोठ्या थरारक राइडसाठी बहुतेक ठिकाणी 140 सेंटिमीटरची अट असते. म्हणजे चार फूट सात इंच, वर केसभर जास्तच. ही अट शिस्तीसाठी घातलेली नाही. खांद्यावरून येणारा तो जाड दांडा ठरावीक उंचीच्या शरीरावरच नीट बसतो. लहान अंगाला तो सैल राहतो आणि उलटं होताना शरीर त्यातून घसरू शकतं. म्हणून खांबापाशी हुज्जत घालू नये, विनवण्या करू नयेत, बुटात कागदाच्या घड्या तर मुळीच घालू नयेत. हो, आमच्यातल्या एका मुलाने घातल्या होत्या.

वर्गाच्या दारामागची सपाट भिंत बघा. जमिनीपासून टेपने 140 मोजून खडूने रेघ ओढा, खडू पुसला जातो म्हणून वर रंगाचं बोट फिरवा. मूल अनवाणी उभं करा, टाचा, पाठ आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला. नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा आणि त्याच्या खालच्या कडेशी खूण करा. मुलींची वर बांधलेली वेणी किंवा अंबाडा आधी सोडायला सांगा, नाहीतर दोन सेंटिमीटर फुकटचे वाढतात आणि पार्कात गेल्यावर परत कमी होतात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा थोडे उंच असतो. दिवसभर उभं राहून, बसून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि सुमारे एक सेंटिमीटरचा फरक पडतो. शाळेत प्रार्थनेनंतर मोजलं तर 140 आणि पार्कात दुपारी तीनला मोजलं तर 139, असं होऊ शकतं. म्हणून शाळेत दुपारी शेवटच्या तासाला मोजा. दुपारी जो 140 ला पोचतो, तो पार्कातही पोचतो.

जूनमध्ये एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा. आमची ती मुलगी आठवीच्या जूनमध्ये 139 ला होती, तेव्हा तिने भिंतीकडे पाठ करून डोळे मिटले आणि मी खूण करेपर्यंत उघडले नाहीत.

ज्यांची उंची कमी भरते त्यांना निघण्याआधीच शांतपणे सांगा, एकट्याला बोलावून, घरच्यांनाही सांगा. त्यांच्यासाठी कुठल्या राइड मोकळ्या आहेत ती यादी आधीच काढून ठेवा. भारतावरून उडत गेल्यासारखं वाटायला लावणारं आय फॉर इंडिया आमच्या छोट्यांना फार आवडलं. मुलाला जो नकार ऐकायला लागतो तो शाळेत, आपल्या माणसाकडून ऐकू दे.

पैसे आणि कागद

पैशांचं लवकर सांगतो. जूनपासून वर्गाची भिशी ठेवली, महिन्याला जमेल तेवढे. वहीत नावापुढे रक्कम, पालकाची सही. ज्यांच्या घरी ते शक्य नव्हतं त्यांची नावं आम्ही दोघा शिक्षकांशिवाय कुणाला कळू दिली नाहीत. शाळांच्या गटासाठी तिकिटाचा वेगळा दर असतो, तो पार्ककडून लेखी मागून घ्या आणि थीम पार्क नि वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं हे ध्यानात ठेवा. एका दिवसात दोन्ही करायच्या फंदात पडू नका.

कागदांत मुख्याध्यापक, एसडीएमसी (शाळेची विकास आणि देखरेख समिती) आणि बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालय ही पायरी चुकवता येत नाही. राज्याबाहेर जाताय हे अर्जात स्पष्ट लिहा. अर्ज कन्नडमध्ये, पालकांचं संमतिपत्र मराठीत, असं केलं तर दोन्हीकडे वाचलं जातं. खात्याचं त्या वर्षीचं सहलीचं परिपत्रक हातात घेऊनच तारीख आणि गाडी ठरवा. संमतिपत्रात फक्त "सहलीला पाठवत आहोत" असं नको. त्यात विचारा: दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, अलीकडे झालेलं ऑपरेशन, हाड मोडलेलं, मानेचं वा पाठीचं दुखणं, रोजचं औषध. यातलं काही असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय मोठ्या राइडवर नाही. हे शिक्षकांनाही लागू आहे, आणि गरोदर बाईंना तर आहेच.

तारीख बघून घ्या

डिसेंबर-जानेवारी हा सहलींचा मोसम. पाऊस नाही, म्हणजे विजा चमकल्या म्हणून राइड बंद पडण्याचा धोका कमी. पण आपल्याकडे डिसेंबरला आणखी एक बाजू आहे. बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्याच सुमारास सीमाप्रश्नावरून वातावरण तापतं, आणि तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबतात. 2022 च्या डिसेंबरात ते सगळ्यांनी बघितलं. मुलांना घेऊन कोगनोळीच्या नाक्यावर अडकून पडणं नको. अधिवेशनाचे दिवस सोडून तारीख घ्या. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा मला सर्वात बरा वाटतो. त्यातही मंगळवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी लोटते आणि एका राइडच्या रांगेत अर्धा दिवस जातो. त्या दिवशी पार्क उघडं आहे ना, आणि नायट्रो दुरुस्तीसाठी बंद नाही ना, हे आदल्या आठवड्यात फोन करून विचारा. मुलं एका राइडसाठी वर्षभर थांबलेली असतात, तेव्हा हा एक फोन चुकवू नका.

रात्रीचा प्रवास नको

बहुतेक शाळा रात्री आठला निघतात, पहाटे खोपोलीत उतरतात, कुठेतरी तोंड धुतात आणि पार्कच्या दारात उभ्या राहतात. पैसे वाचतात हे खरं. पण रात्रभर मान वाकडी करून झोपलेलं मूल दहा वाजता कोस्टरमध्ये बसलं तर ओकणार. पहिल्या सहलीत आमच्या अकरा मुलांना त्रास झाला.

सकाळी सहाला निघा. हत्तरगीचा टोल, तवंदीचा घाट, निपाणी, कोगनोळी, कागल. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन आणि जेवण. कागल-साताऱ्यादरम्यान रस्ता रुंद करण्याच्या कामाची वळणं जिथे असतील तिथे वेळ जातो, म्हणून हिशेबात दोन तास जादा धरा. संध्याकाळी पुण्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून दोन तासांत खोपोली. वाटेत बोरघाट उतरावा लागतो, आणि गाडी लागणाऱ्या मुलांचा खरा त्रास तिथेच होतो. त्यांना पुढे बसवा, खिडकी उघडी, नजर रस्त्यावर, हातात आलेपाकाची वडी. गोळी द्यायची तर पालकांनी डॉक्टरांना विचारून दिलेलीच.

डब्यात पहिल्या दिवसासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, हे पालकांना आधी सांगा, नाहीतर आयांनी पहाटे उठून केलेल्या पोळ्या दारात राहतात. राइडच्या दिवशी सकाळी हलकं खाऊ द्या, पण उपाशी नको. रिकाम्या पोटानेही मळमळतं.

गाडीचा परवाना महाराष्ट्रात चालणारा आहे ना, हे मालकाकडून कागदावर बघा. तोंडी "आहे" चालत नाही.

भीतीवर एक तास

हा भाग मी सगळ्यांत महत्त्वाचा मानतो. आमची मुलं गावच्या यात्रेतल्या पाळण्यात बसलेली असतात, त्यापलीकडे काही नाही. भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण ती थोडी कमी करता येते, आणि त्यासाठी विज्ञानाचा एक तास पुरतो.

नववीत कार्य आणि ऊर्जा शिकवतोच आपण. फळ्यावर लिहा: नायट्रोची उंची जवळजवळ 40 मीटर. गाडीला इंजिन नाही. साखळी तिला वर ओढून नेते आणि सोडून देते, पुढचं सगळं त्या उंचीच्या जोरावर. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते. आता हिशेब: 2 × 9.8 × 40 म्हणजे 784. वर्गमूळ काढा, 28. सेकंदाला 28 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 100 किलोमीटर. पार्क सांगतं तो वेगही शंभरीच्या घरातलाच आहे. हे गणित स्वतःच्या हाताने सुटल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मग वजन कुठं गेलं सर?" वजनाचा संबंधच येत नाही, जाडा असो की बारका, वेग तोच. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांत जाड पोराने मान वर केली.

उंचीची भीती वाटणाऱ्यांना मी गोकाकची आठवण देतो. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर. त्याच्या झुलत्या पुलावर उभी राहून खाली बघितलेली मुलं आमच्याकडे पुष्कळ आहेत. नायट्रो त्याहून ठेंगणा.

पाण्याचा पाईप उभा चिरून त्यात गोटी सोडा. पहिल्या चढापेक्षा दुसरा चढ उंच केला तर गोटी वर जात नाही, मागे येते. म्हणूनच कोस्टरचा पहिला चढ सर्वांत उंच असतो. मग अर्धा पाण्याने भरलेला डबा दोरीला बांधून मैदानात गरगरा फिरवायला द्या. डबा डोक्यावर उलटा होतो आणि पाणी सांडत नाही. लूपमध्ये आपण खाली का पडत नाही, ते यानंतर कुणी विचारत नाही. लूपमध्ये वेगाने शरीर सीटलाच दाबलं जातं, आणि जिथे तसं होत नाही तिथे दांडा धरून ठेवतो.

खात्रीच्या आणखी तीन गोष्टी सांगा. एक, गाडीची चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खाली, अशी तिन्हीकडून रूळ धरून असतात. ती उडून जाऊ शकत नाही. दोन, चढताना खालून जो कट्कट् आवाज येतो तो काही मोडत असल्याचा नसतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाचांत अडकणाऱ्या दातांचा तो आवाज असतो. विहिरीच्या रहाटाला खीळ असते तशी. तीन, रुळाचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी येऊ दिली जाते. पुढची हलली नाही तर मागची आपोआप थांबते.

आणि नायट्रोबद्दल एक खास. बसल्यावर, दांडा खाली आल्यावर, पायाखालची जमीनच सरकून जाते. ती सरकायचीच असते. हे आधी सांगितलं नाही तर मुलं त्या क्षणी किंचाळतात.

त्या दिवशी

पार्कात शिरल्यावर सगळे नायट्रोकडे धावतात. तुम्ही धावू नका. आधी अर्धा तास बसा, पाणी, बाथरूम. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुलांच्या जोड्या, प्रत्येकाच्या मनगटावर पेनाने शिक्षकांचा नंबर, हरवलं तर भेटायची एकच जागा. मग एखादा लहान कोस्टर करा. अंगाला सवय होते आणि पहिल्यांदा "आपण करू शकतो" असं वाटतं. नायट्रो जेवणाच्या आधी. जेवणानंतर बसून बघायच्या गोष्टी. पाण्यातली डायनासोरची राइड अगदी शेवटी, कपडे चिंब होतात, जादा जोड गाडीत.

रांगेत लागण्याआधी खिसे रिकामे करा. मोबाईल, चिल्लर, क्लिपा, बांगड्या, कानातले लोंबते, चष्मा, सैल चप्पल. सगळं न बसणाऱ्या शिक्षकाकडे पिशवीत, नावाच्या चिठ्ठीसह.

पहिल्यांदा बसणाऱ्याला मी मधली ओळ सांगतो. पुढे सगळं दिसतं, मागच्या डब्याला उतारावर जोराचा हिसका बसतो, मधे दोन्ही थोडं कमी. बूड सीटला मागपर्यंत टेकवा, पाठ टेकवा, मग दांडा घ्या, आणि पार्कचा कर्मचारी येऊन दाबून बघेपर्यंत हात हलवू नका. डोकं मागे टेकलेलंच ठेवा, नाहीतर वळणाला कान दांड्यावर आपटतात. डोळे उघडे, नजर पुढच्या वळणाकडे. डोळे मिटले तर मळमळ वाढते, कारण शरीराला कळतं आणि डोळ्यांना कळत नाही. उतार लागला की श्वास सोडा, ओरडा, पाहिजे तेवढं ओरडा. श्वास धरून ठेवला की पोटातला गोळा आणखी घट्ट होतो.

शेवटच्या क्षणी कुणाला नको वाटलं तर दांडा लागण्याआधी हात वर करून सांगायचं. बाहेर यायची वाट असते. "भित्रा", "भित्री" हे शब्द आमच्या सहलीत कुणी उच्चारायचे नाहीत असं बसमध्येच ठरलं होतं. नववीच्या दोघांनी तसं केलं आणि आमच्या बाईंनी त्यांना लिंबू सरबत घेऊन दिलं.

ती मुलगी खांबापाशी गेली तेव्हा पाठीमागची सगळी रांग गप्प झाली. 144. कर्मचाऱ्याने बघितलंही नाही नीट, हात पुढे केला फक्त. तिने मात्र मागे वळून खांबाकडे पुन्हा एकदा बघितलं. मी शेजारच्याच सीटवर होतो. जमीन सरकली, साखळीने पकडलं, कट्कट् सुरू झाली आणि ती हळूच म्हणाली, "भ्या वाटूलालंय सर." मी म्हटलं, मलाही. वर पोचल्यावर क्षणभर नुसतं आभाळ, आणि मग पुढचं मला तिच्या आवाजातच आठवतं. ती सुरुवातीला किंचाळत होती, दुसऱ्या लूपपासून हसत होती. संपेपर्यंत हसतच होती.

उतरल्यावर पाय थरथरतात, हे अगदी सगळ्यांना होतं. दहा मिनिटं सावलीत बसवा, घोट घोट पाणी, लगेच दुसरी फेरी नको. ज्याचा चेहरा पांढरा पडला असेल त्याला आडवं करा, पाय थोडे वर. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात न्या, वाट बघत बसू नका. राइड झालेल्यांची नावं त्याच वेळी यादीत टिपा. संध्याकाळी बसमध्ये डोकी मोजताना ती यादीच उपयोगी पडते, आणि पालक फोनवर "बसली का?" एवढंच विचारतात.

परतीचाही मुक्काम ठेवा. रात्री घाट चढून साडेतीनशे किलोमीटर चालवणारा ड्रायव्हर दुसऱ्या पहाटे निपाणीच्या अलीकडे डुलक्या घेतो.

शाळेत परत आल्यावर भिंतीवरची 140 ची रेघ पुसू नका. आमच्या वर्गात ती अजून आहे, तिच्या खाली पेन्सिलच्या बारीक खुणा आणि तारखा. मधल्या सुट्टीत पाचवी-सहावीची पोरं तिथे चपला काढून उभी राहतात आणि एकमेकांच्या डोक्यावर पाठ्यपुस्तक टेकवून बघतात.